कॅल्क्युलेटर नसताना साइनची किंमत कशी काढायची? टेलर श्रेणी (साइनची किंमत क्ष, क्ष³ अशा पदांच्या बेरीज-वजाबाकीने काढणारं सूत्र) मोठ्या कोनाला का चुकते?

टेलर श्रेणी शून्याजवळ बसवलेली असते, म्हणून तिथेच ती चोख चालते. दोन पदं घेतली (क्ष − क्ष³/६; क्ष म्हणजे रेडियनमधला कोन, अंश × π ÷ १८०) तर १० अंशांना ०.१७३६ येतं, अगदी बरोबर. पण ९० अंशांना १ ऐवजी ०.९२५!

० ते १८० अंशांपर्यंत सगळीकडे चालेल असं हवं असेल तर सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांचं सूत्र वापरा. ('लीलावती'वाले दुसरे, बाराव्या शतकातले.) 'महाभास्करीय' या ग्रंथात ते दिलंय. कोन अंशांत घ्या, १८० मधून वजा करा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे प. मग

साइन ≈ ४प ÷ (४०५०० − प)

४५ अंश करून बघू. ४५ × १३५ = ६०७५. वर २४३००, खाली ३४४२५. भागाकार ०.७०५९, खरी किंमत ०.७०७१. ३० आणि ९० अंशांना तर उत्तर तंतोतंत येतं. कुठेही चूक ०.००१७ च्या पुढे जात नाही. मला हे सूत्र फार सुंदर वाटतं: एक गुणाकार, एक भागाकार, बस्स.

यातली युक्ती अशी की चूक एका टोकाला साचू न देता सगळीकडे थोडीथोडी वाटून टाकलीय. एकोणिसाव्या शतकात चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने याच विचाराचं पद्धतशीर गणित मांडलं.

फक्त दोन-चार अंशांच्या कोनाला हे वापरू नका, तिथे चूक टक्क्यांत जवळपास दोनपर्यंत जाते. तिथे नुसता क्षच घ्या.