क्रॉस जाम झालाय? आधी हातोडा खाली ठेव

भावा, पहिल्यांदाच क्रॉस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा, काढतोयस ना, मग अडकणारच, त्यात उसाच्या सीझनला रानातला चिखल खाल्लेली गाडी म्हणजे कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) योकमध्ये (शाफ्टच्या टोकाचा दोन शिंगांचा भाग) गंजून बसलेलाच असतो. आमच्या सांगलीत निम्म्या गाड्यांची हीच बोंब.

शाफ्ट उतरवायच्या आधी चाकांना दगड लाव, शाफ्ट निघाला की गिअरचा आधार गेला, गाडी सुटली तर खाली तूच असतोस. आणि फ्लँज (बोल्टने जोडायची चकती), योक, स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) सगळ्यावर छिन्नीने खुणा कर. मी पहिल्या वेळी केल्या नाहीत, शाफ्ट उलटा बसला आणि मिरजेपर्यंत केबिन नुसती थडथडत होती.

आता मेन गोष्ट, लॉक, म्हणजे कप जागेवर धरून ठेवणारी रिंग. चारही निघाल्याशिवाय जोराचा एक घावपण घालू नको. लॉक हलत नसेल तर कपावर मधोमध हलका टोला दे, कप केसभर आत सरकतो, लॉक मोकळं होतं. गंज खरवडून रात्रभर डिझेल सोडून ठेव.

सकाळी मोठ्या वाइसमध्ये (आवळायच्या शिकंज्यात) मधे योक धर, एका बाजूला कपापेक्षा बारीक सॉकेट, समोर कप आत मावेल असा मोठा, आणि आवळ.

नवीन पोरं हमखास चुकतात ते:
- शाफ्टच्या पाइपवर हातोडा. पोचा आला की बॅलन्स गेला.
- वाइसमध्ये पाइप आवळणे, तेच नुकसान.
- योक लाल होईपर्यंत गॅस मारणे.

चष्मा घाल, कपाची कपची डोळ्यात उडते. एवढं करूनही नाही हललं तर सरळ हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे ने, लाजू नको.