गोव्याच्या पावसाळ्यात 1/144 ए320वर ग्लॉस रंग नीट का बसत नाही?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत. तुमच्या इंडिगोच्या ए320 विमानाच्या 1/144 (खऱ्याच्या 144 पटींनी लहान) प्लास्टिक मॉडेलची निळी शेपटी रंगवल्यावर दुधाळ पडते आणि पांढरी बॉडी हाताला खरखरीत लागते. तुम्ही दोन्हीचं खापर फोंड्याच्या पावसावर फोडलंय. शेपटीपुरतं ते खरं आहे, बॉडीचं कारण निराळं.

आधी शेपटी. लॅकर म्हणजे झटपट वाळणारा रंग; त्याला पातळ करणारा थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवेत 90 टक्के आर्द्रता असली की दोनेक अंशांचा गारवाही पुरतो. ओल्या रंगावर बाष्प धरतं आणि आतच अडकतं. पांढऱ्यावर नुसती चमक मरते, निळ्यावर लगेच उघडं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर फार लवकर उडतो, शिवाय प्लास्टिक खातो; तो एअरब्रश (रंग फवारायचं पेनासारखं साधन) धुवायला ठेवा. रंगात मॉडेलच्या रंगांसाठीचा मिस्टर लेव्हलिंग थिनर घाला, त्यात वाळणं मंदावणारा रिटार्डर असतोच. एक भाग रंगाला दोन भाग थिनर. खोली बंद करून एसी तासभर ड्राय मोडवर चालवा आणि हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आकडा 60 टक्क्यांच्या खाली आल्यावरच रंगाला हात घाला. एक्झॉस्ट फक्त फवारताना लावा, नाहीतर तोच बाहेरची दमट हवा आत ओढेल. वाफांसाठी कार्ट्रिजवाला मास्क हवाच, कापडी मास्कचा उपयोग शून्य. बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) बसून फवारायचा विचार सोडा; पावसाळ्यात दिव्यावर येणारी पाखरं ओल्या ग्लॉसवरच चिकटतात.

आत्ता दुधाळ झालेली शेपटी खरवडू नका. कोरड्या हवेत नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा डाग विरतो.

मधूनच पाण्याचा थेंब थुंकल्यासारखा पडत असेल तर तो एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा. दाबलेल्या दमट हवेतलं पाणी टाकीत साचतं. रोज काम संपलं की टाकीचा खालचा स्क्रू उघडून ते काढा, आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) कॉम्प्रेसरला चिकटून न लावता पाइपात पुढे, हवा थोडी निवल्यावर लावा.

आता खरखर. इथे रंग बॉडीवर पोचायच्या आतच अर्धा वाळतो. तुम्ही 15 सेंटिमीटरवरून 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाने मारता, तिथेच गणित चुकतं. 0.3 मिलिमीटरच्या नोझलला 12 ते 15 पीएसआय आणि 6-7 सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिले दोन हात अगदी विरळ, खालचं प्लास्टिक दिसत राहील इतके. प्रत्येकानंतर दहा मिनिटं थांबा. शेवटचा हात ओला, दिव्याचं प्रतिबिंब रंगात सलग दिसेल असा. बॉडी जेमतेम 26 सेंटिमीटरची आहे, नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात हात फिरवा. मध्ये थांबलात की तिथेच ओघळ. सध्याची खरखर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून काढा.

पुढचं किट जोडताना नाकातलं वजन विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. जाळ्याला लावतात ते शिसं बाजारात सहज मिळतं. ते फेविकॉलने मात्र बसवू नका. शिशावर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि काही वर्षांत बॉडीचा सांधा उकलतो. अराल्डाइट वापरा. किती घालायचं ते बॉडीला टेप लावून, पंख नुसते टेकवून, मागच्या चाकांच्या जागी बोटांवर तोलून ठरवा.

मास्किंगची, म्हणजे निळा मारण्याआधी पांढरा भाग टेपने झाकायची, घाई करू नका. या हवेत पांढरा लॅकर दोन दिवस वाळू द्या, ॲक्रिलिक असेल तर चार. बॉडी नाकाशी धरून पाहा. थिनरचा वास येत असेल तर टेप लावू नका, रंग टेपबरोबर निघेल. टेपची कड नखाने दाबल्यावर आधी तिच्यावर पांढऱ्याचाच एक पातळ हात मारा. फट असेल तर पांढराच आत शिरेल, निळा नाही. निळा मारून अर्ध्या तासात टेप काढा, स्वतःवरच दुमडत, सावकाश.