देवाने दिलेली देणगी ओळखायची कशी? तुमची तर तुम्हीच प्रश्नात लिहिली आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सव्वीस, नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. देव प्रत्येकाला काहीतरी देऊनच पाठवतो असं लहानपणापासून ऐकत आलात. पण तुम्हाला ना गाणं येत, ना चित्र काढता येत, ना मैदानावर कधी नाव झालं. मग आपल्या वाट्याला काय आलंय ते ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय? मध्येच एक ओळ लिहून गेलात, की कॉलनीच्या गणपतीचा हिशोब दरवर्षी तुमच्याच गळ्यात पडतो.

मी सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचो, आता निवृत्त आहे. पोरांचे हात बघण्यात आयुष्य गेलं, त्या जोरावर ठामपणे सांगतो, की ही जी हिशोबाची ओळ आहे ना, तिथेच तुमचं उत्तर आहे. ती तुम्हाला कटकट वाटली म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात.

वर्गणीचा पैसा म्हणजे भांडणाचं घर. मंडपवाल्याला किती दिले, मूर्तीचा ॲडव्हान्स कुणी भरला, महाप्रसादाचा किराणा कुठून आला, शिल्लक कुणाच्या खिशात आहे, यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं मी आमच्या सिडकोत पाहिली आहेत. अशा ठिकाणी सगळी कॉलनी एका माणसाकडे वही देते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याचकडे देते, हे काही कुणी भीड म्हणून करत नाही. पैशाच्या बाबतीत लोक भीड ठेवत नाहीत. याचा अर्थ तुमची बेरीज चुकत नाही आणि तुमच्याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चोख हिशोब करणारे बरेच भेटतात, शब्दाला जागणारेही भेटतात. दोन्ही एका माणसात असणं दुर्मीळ. आणि नोकरी क्वालिटीतली. दिवसभर मायक्रोमीटर धरून जे जुळत नाही ते बाजूला काढायचं, हेच तुमचं काम. संध्याकाळी पावत्यांच्या गठ्ठ्यातही तुमची नजर तेच करते.

आयटीआयमध्ये नवीन पोरांना सुरुवातीला एकच काम असायचं. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा धरायचा आणि कानस मारायची. पृष्ठभाग सपाट आला पाहिजे, कडा काटकोनात आल्या पाहिजेत. बघायला सोपं वाटतं, पण हात पुढे जाताना वरखाली होतो आणि जॉब, म्हणजे तो तुकडा, मधे फुगीर, कडेला उतरता होतो. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून जॉब खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. पात्याखालून उजेड दिसला तिथे लोखंड जास्त खाल्लं गेलंय, उजेड अडला तिथे अजून उंच आहे. बहुतेक पोरं दिवस भरतात, घड्याळ बघतात. एखादाच असा निघतो, की ट्राय स्क्वेअर लावायच्या आधी लोखंडावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘सर, इथे अजून आहे.’ उजेडाकडे धरावं तर खरंच तिथेच असतं. त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. त्याच्या मालकीचंही ते नसतं, मी तर म्हणेन ते त्याच्याकडे सोपवलेलं असतं.

पण मला जास्त आठवतो तो दुसरा मुलगा. पेठ तालुक्यातून यायचा. कानस बेताची, वेल्डिंग बेताचं, व्हायव्हाला तोंडातून शब्द फुटायचा नाही. स्वतःला कच्चा समजायचा. डब्याच्या सुट्टीत मात्र चार-पाच पोरं ड्रॉइंगच्या वह्या घेऊन त्याच्याभोवती बसलेली असायची. एका वस्तूचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे आकार कागदावर काढायचे, तिथे निम्मा वर्ग अडतो. हा पठ्ठ्या खडूचा तुकडा ब्लेडने कापून ती वस्तूच तयार करायचा, बोटांत धरून तीन बाजूंनी फिरवायचा आणि विचारायचा, ‘आता काय दिसतंय? तेवढंच काढ.’ मी इतकी वर्षं फळ्यावर जे समजावत होतो, ते तो खडूच्या एका तुकड्यात समजावत होता. त्याला बोलावून सांगितलं, की तू शिकवायला जन्माला आलायस. त्याला पटायलाच वेळ लागला, कारण त्याच्या लेखी ते ‘असंच’ होतं. आज तो शिकवतो, आणि चांगलं शिकवतो.

आपल्या अंगचं जे असतं ते आपल्याला ‘असंच’ वाटतं, म्हणून आत डोकावून ते सापडत नाही. लोक काय घेऊन आपल्या दारात येतात ते बघायचं. गेल्या महिनाभरातले मोबाइलवरचे मेसेज वर सरकवत जा. कुणी कशासाठी फोन केला, कुणी काय विचारलं, कोणतं काम ‘तूच बघ रे’ म्हणून आलं? आईला विचारू नका, आईला आपलं सगळंच गोड वाटतं. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केलंय अशा दोघा-तिघांना विचारा.

देणगी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं, हार येतो, माइक येतो. आपल्या संतांकडे बघा बरं. गोरोबांनी मडकी केली, सावतोबांनी मळा सांभाळला, नरहरी सोनार, सेना न्हावी. देव भेटल्यावरही कुणाचा धंदा सुटला नाही. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकला निघतात, त्यातली एखादी जवळून बघा. विणेकरी, पखवाजी, टाळकरी सगळ्यांना दिसतात. पण पुढच्या मुक्कामाच्या शाळेची किल्ली कुणाकडे आहे, टँकर कुठे अडकलाय, कोणत्या आजीची गोळी जेवणाआधीची आहे, हे सगळं डोक्यात ठेवणारा एकजण असतो. थंडीत पहाटे तो सगळ्यांच्या आधी उठलेला असतो. त्याला चाल येत नाही, ताल येत नाही, पण तो नसला तर दिंडी दुसऱ्या मुक्कामाला विस्कटेल. त्याला मिळालंय ते पखवाजापेक्षा कमी आहे असं मी तरी मानत नाही.

आता आवड आणि देणगी यांतला फरक. गाण्याची आवड कुणाला नसते? कसोटी एकच: त्या कामातला रटाळ भाग तुम्हाला सोसतो का? याबाबतीत मला कायम दादासाहेब फाळके आठवतात. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, जादूचे प्रयोग शिकले, छपाईचा धंदा काढला आणि भागीदारांशी पटेना म्हणून सोडलाही. चाळिशीच्या माणसाचं असं चाललेलं पाहून नातेवाइकांनी काय म्हटलं असेल, हे कल्पनेवर सोडतो. मग त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्या वेडाने झपाटले. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. भांडवल द्यायला कोण तयार होणार? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. त्यातून पडद्यावर जेमतेम मिनिटभराचं काहीतरी उभं राहिलं: बी फुटतं, कोंब येतो, वेल वर चढतो. एका मिनिटासाठी महिनाभर कुंडीसमोर! कंटाळा यायला हवा होता, नाही आला. १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते, आणि आधी वाया गेल्यासारखी वाटणारी सगळी वर्षं तिथे कामाला आली. पडदे रंगवायला चित्रकला, कॅमेऱ्यामागे फोटोग्राफी, चमत्कार दाखवायला जादू, यंत्रं आणि रसायनं हाताळायला छपाई. १९१८ला त्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशिकलाच निघाली.

पांडवलेण्याखाली त्यांचं स्मारक आहे, तिथे गेलो की मला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई जास्त आठवतात. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं हे त्या शिकल्या, आणि वर सगळ्या चमूचा स्वयंपाक त्यांच्याकडे. सिनेमाच्या तंत्राची इतकी बारीक जाण असलेली बाई तेव्हा या देशात दुसरी कोण असेल? त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? तरी काम झालंच ना.

तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे बरेच असतात आणि सगळ्यांकडे हिशोबाची वही नसते, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं लिहितो. काही देणग्यांची आपल्याशी गाठच पडलेली नसते. आपल्याच जिल्ह्यातले चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ बघा. दुष्काळी गाव, वडलांबरोबर विहिरी खोदायची कामं. जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे वल्ही मारायला पाणी कुठून येणार? २०१२ला सैन्यात गेले, तिथे त्यांची उंची बघून त्यांना रोइंगला घातलं. चार वर्षांत रिओ ऑलिम्पिक, एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक. ते खांदे तळेगावातही होतेच, विहिरीतला दगड फोडत होते. सैन्यात गेले नसते तर कुणालाच, त्यांनासुद्धा, कळलं नसतं. म्हणून ज्याला काहीच दिसत नाही त्याने घरात बसून स्वतःला खोदत बसू नये. जे आजवर हाताला लागलंच नाही ते हातात घेऊन बघावं. मातीकाम, माशांच्या जाळ्या विणणं, आजाऱ्याची सेवा, व्यासपीठामागची वायरिंग, काहीही. एखाद्या ठिकाणी शिकवणारा म्हणेल, ‘आधी कुठे केलं होतंस का?’ हे वाक्य कानावर आलं की तिथे थांबावं.

परत तुमच्याकडे येतो. नोकरी सोडायची काही गरज नाही. पण हिशोबाला गणपतीच्या दहा दिवसांपुरतं ठेवू नका. तुमच्या आसपास, अंबड-सातपूरच्या वस्त्यांमधून महिलांचे बचत गट आहेत. गटांना पंचसूत्री शिकवतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब. पहिली चार सूत्रं बायका नेटाने सांभाळतात, पाचव्यापाशी गाडी अडते, कारण वही लिहिणारी एखादीच असते आणि ती माहेरी गेली की रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कोरी. बँक कर्ज देताना आधी त्याच वह्या बघते. एखाद्या गटाला महिन्यातले दोन रविवार द्या. त्यांची वही तुम्ही लिहू नका, त्यांच्यातल्या दोघींना लिहायला शिकवा. आज जमा झालेली रोकड आणि वहीतला आकडा बैठक मोडायच्या आधी जुळवायची सवय लावा. शिलाई मशीनचं कर्ज त्या वहीच्या जोरावर निघतं, हे मी आमच्या गल्लीत पाहिलंय.

दुसरं, गृहनिर्माण सोसायट्या. नाशकात जिकडे बघावं तिकडे नव्या सोसायट्या, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून दरवर्षी ऐनवेळी धावपळ. खजिनदार व्हायला कुणी पुढे येत नाही. तुम्ही व्हा. आणि पदवीधर असाल तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा बघा. हिशोब, लेखापरीक्षण, सहकाराचा कायदा, असे विषय असतात; सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे जाणाऱ्या वाटेवरची ती पायरी आहे. पदविकेवर असाल तर पात्रतेच्या अटी नीट वाचून घ्या. देवाने नजर दिली, पण डेबिट-क्रेडिटचे नियम तो शिकवत नाही, ते आपल्यालाच घोकावे लागतात. नैसर्गिक हात असलेली माझी बरीच पोरं इथेच मागे पडली, आणि मध्यम हाताची, रोज सराव करणारी पुढे गेली. मनाला लागणारी गोष्ट आहे ही.

जमाखर्च सांभाळणाऱ्यावर कधी ना कधी दबाव येतो, की हे बिल जरा वाढवून लाव, ती पावती राहू दे. तिथे पहिल्याच वेळी नाही म्हणा, मोठ्याने आणि चारचौघांत. तुमच्याकडे वही ज्या विश्वासाने येते तो एकदा गेला, की नुसती बेरीज येऊन काही उपयोग नाही.

आणि यंदा पावत्या लावायला बसाल तेव्हा कॉलनीतलं अकरावी-बारावीचं एखादं पोर शेजारी घेऊन बसा. त्याला पावतीपुस्तकाची स्थळप्रत आणि रोख मोजायला द्या. वीस रुपये कमी भरले आणि ते पोर ‘जाऊ द्या ना काका, माझ्या खिशातले घालतो’ म्हणालं, तर त्याला मंडपाच्या कामाला पाठवा. तेच पोर पुन्हा पहिल्या पानापासून मोजायला लागलं, तर पुढच्या वर्षीची वही त्याच्याकडे द्या.