चारही सडांत ट्यूब सोडायचीच का?

प्रश्न : आमची जर्सी संकर गाय सात महिन्यांची गाभण आहे. दोन्ही वेळचं मिळून चार-पाच लिटर दूध देते. पोळा झाला की आटवायची, म्हणजे विण्याआधी तिचं दूध काढणं बंद करायचं आहे. संक्रांतीच्या सुमारास मागच्या उजव्या सडातून गाठी आल्या होत्या. बाकी तीन सड कधी बिघडले नाहीत. मेडिकलवाले म्हणतात, चारही सडांत अँटिबायोटिकची ट्यूब सोडा. शेजारी म्हणतात, एकच ट्यूब दोन सडांना अर्धी-अर्धी पुरते. काय करू?
– एक वाचक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, अर्ध्या ट्यूबचा विचार आधी सोडा. अर्ध्या औषधानं जंतू पुरते मरत नाहीत, चिवट तेवढे उरतात. शिवाय बिघडलेल्या सडात गेलेली नळी चांगल्या सडात घातली, की दगडी, म्हणजे कासेची सूज, आपणच तिथं नेऊन ठेवतो. एका सडाला एक पूर्ण ट्यूब, नाहीतर काहीच नाही.

आता चारही सडांना हवी का? ते सडांनाच विचारा. पशुवैद्यकीय दवाखान्यात सीएमटी, म्हणजे दुधावरून दगडी ओळखायची चाचणी होते. ती होईतो घरी बघायचं तर अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा, चार वाट्यांत चार सडांचं थोडं-थोडं दूध घ्या, तेवढंच पाणी घालून हलवा. जिथं दूध घट्ट, चिकट होईल, त्या सडात वरून न दिसणारी सूज आहे. तुमचा मागचा उजवा सड बहुधा असाच निघेल, आणि त्याला आटवतानाच औषध देणं योग्य आहे. दुभत्या काळापेक्षा आता ते जास्त लागू पडतं. कोणती ट्यूब आणि किती सडांना, हे मात्र डॉक्टरांनी गाय तपासून ठरवावं, दुकानाच्या काउंटरवरून नव्हे. 1962 या क्रमांकावर फोन केला तर फिरतं पथकही येतं.

जे सड स्वच्छ निघतील त्यांना माझ्या मते अँटिबायोटिक देऊ नये. त्यांच्यासाठी बिस्मथचं सीलंट मिळतं. ते औषध नाही, सडाचं तोंड आतून बंद करणारा लेप आहे. तालुक्याला नसेल तर डॉक्टरांना मागवायला सांगा. युरोपीय संघानं 28 जानेवारी 2022 पासून निरोगी जनावरांना सरसकट अँटिबायोटिक देणं बंद केलं आहे. या ट्यूबांतली क्लॉक्सॅसिलिनसारखी औषधं पेनिसिलिनच्या घराण्यातली असतात, आणि त्याच घराण्यातली औषधं आपल्या लेकरांनाही लागतात. गोठ्यात वाया घालवलेलं औषध उद्या घरात निकामी ठरू शकतं, याची मला खरंच काळजी वाटते.

ट्यूब सोडण्यापेक्षा हात स्वच्छ ठेवणं अवघड, विशेषतः भादव्याच्या चिखलात. शेवटची धार पूर्ण काढा. सड कोरडे पुसा, स्पिरिटच्या कापसानं टोक घासा. पुसताना आधी पलीकडचे सड घ्या, सोडताना आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. नळीचं टोक जेमतेम 3-4 मिलिमीटर आत जाऊ द्या. मग सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाय अर्धा तास तरी उभी राहील असं कुटार पुढ्यात टाका.

एक दिवसाआड धार काढत आटवू नका. कास दूध बनवतच राहते. तुमच्या गायीचं दूध कमी आहे, आठवडाभर आधी सरकी ढेप बंद करून एकदम थांबा. पाणी मात्र तोडायचं नाही. नंतर दोन दिवस कास ताठ दिसेल, घाबरू नका. गरम लागली, लाल झाली किंवा गाय चारा सोडू लागली तर डॉक्टरांना बोलवा.

ट्यूब सोडल्याची तारीख आणि तिचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, खोका जपून ठेवा. गाय दिवस भरण्याआधी व्याली, तर खोक्यावर सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत तिचं दूध संकलन केंद्रावर घालू नका, घरीही वापरू नका. उरलेली ट्यूब दुसऱ्या दुभत्या गायीला सोडायची नाही. ती आटत्या गायीसाठीच असते, तिचा अंश दुधात बरेच दिवस उतरतो.