मे महिन्यात श्रीलंका: किनारा कोणता निवडावा?

प्रश्न: मुलांच्या सुट्टीमुळे मेअखेरीस आम्ही आठवडाभर श्रीलंकेला जाणार आहोत. सहल कंपनीने कँडी, नुवारा एलिया आणि शेवटचे तीन दिवस बेंटोटा असा कार्यक्रम दिला आहे. त्या सुमारास तिथे पाऊस असतो असे समजले. बेत रद्द करावा का? सोबत सत्तरीचे आई-वडील असून ते पूर्ण शाकाहारी आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर: बेत रद्द करण्याचे कारण नाही, बेंटोटा मात्र अवश्य बदलून घ्यावे. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळात पोहोचण्याच्या सुमारासच श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर थडकतात. त्यामुळे बेंटोटा, हिक्काडुवा, मिरिसा या भागांत मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. देशाच्या मध्यभागी असलेला डोंगराळ प्रदेश हा पाऊस अडवतो आणि पूर्व किनारा त्याच काळात बहुतांशी कोरडा राहतो. महाबळेश्वरला मुसळधार कोसळत असताना माण-खटाव कोरडे असते, हे साताऱ्याच्या वाचकाला निराळे सांगायला नको. पूर्वेला पाऊस पडतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत. म्हणून नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नेमका उलट किनारा धरावा.

तेव्हा बेंटोटाचे तीन दिवस पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला द्यावेत. तिथला समुद्र मेमध्ये शांत असतो, पिजन आयलंडच्या उथळ पाण्यात प्रवाळ व मासे पाहता येतात आणि समुद्रात घुसलेल्या कड्यावरील कोणेश्वराच्या शिवमंदिरात आई-वडिलांनाही जाता येईल. वाटेत सिगिरिया लागते. राजा कश्यपाच्या पाचव्या शतकातील या शैलदुर्गाला हजाराहून अधिक पायऱ्या असून सावली फारच थोडी आहे. ज्येष्ठांनी पायथ्याची उद्याने पाहून थांबावे. नुवारा एलिया या मोसमात मला पटत नाही: सुमारे 1,870 मीटर उंचीवरील ते गाव मेअखेरीस बहुधा पावसात आणि धुक्यात असते आणि तिथवरचा वळणावळणाचा रस्ता दिवस खाऊन टाकतो. आठवड्यात तीन मुक्काम पुष्कळ झाले, त्यामुळे परतीच्या वाटेवर कँडीलाच थांबावे. तिथल्या दंतधातू मंदिरात (बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या मंदिरात) खांदे व गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तिथे अपमानास्पद मानले जाते.

तारखा ठरवताना दिनदर्शिकेतील पौर्णिमा पाहावी. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद राहते. वैशाखी पौर्णिमेला तर वेसाकचा उत्सव असतो. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात, पण वाहतूक तुंबते आणि खोल्या मिळणे कठीण होते.

शाकाहाराबाबत केवळ ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. नारळाच्या ‘पोल सांबोल’मध्ये आणि पुष्कळदा भाज्यांतही सुकवलेल्या माशाचा चुरा घालतात, त्याला ‘उंबलकड’ म्हणतात. हा शब्द पाठ करून तो पदार्थात आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. त्रिंकोमालीत तमिळ शाकाहारी भोजनालये असल्याने इडली, डोसा आणि भात-सांबार निर्धास्तपणे मिळते. कँडीत हॉटेलला आदल्या दिवशी कळवून ठेवावे.