मैदान आणि नियम: त्या टॅकलवर फ्लॅग पडायला हवा होता का?

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही मिलवॉकीजवळ राहतो, धाकटा भाऊ मिनियापोलिसला. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमचे हे पॅकर्स संघाचे, भाऊ वायकिंग्जचा. यंदा भाऊबीजेला तो आला आणि ओवाळून होतं न होतं तोच 2017 चा विषय निघाला. वायकिंग्जच्या अँथनी बारने पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, ॲरन रॉजर्सला पाडलं, रॉजर्सची कॉलरबोन मोडली. तो टॅकल नियमात बसत होता का? भाऊ म्हणतो, रॉजर्स पॉकेटच्या, म्हणजे साथीदार क्वार्टरबॅकभोवती राखतात त्या जागेच्या, बाहेर होता, विषय संपला. हे म्हणतात, बॉल हातातून सुटल्यावर पाडलं, म्हणजे उघड उघड फाऊल. जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तुम्ही कबड्डीचे पंच होतात, इथलं फुटबॉलही इतकी वर्षं बघताय. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, विस्कॉन्सिन

उत्तर: ताई, आधी हे सांगतो की मी पॅकर्सचा आहे. त्यामुळे उत्तर देताना मी स्वतःकडेही जरा संशयाने बघितलं आहे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. 15 ऑक्टोबर 2017, रविवार, लक्ष्मीपूजन चार दिवसांवर. स्वयंपाकघरात तळण चाललं होतं आणि मी टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून सोऱ्याने चकल्या पाडत होतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये रॉजर्स उजवीकडे पळाला, पळता पळता त्याने बॉल फेकला आणि पुढच्या क्षणी बार येऊन त्याच्यावर आदळला. बार म्हणजे सहा फूट पाच इंच उंचीचा, 115 किलोच्या आसपासचा गडी. रॉजर्सचा उजवा खांदा आधी जमिनीला लागला आणि वरून बारचा भार आला. ज्या हाताने तो बॉल फेकतो, त्याच बाजूची कॉलरबोन गेली. फ्लॅग, म्हणजे फाऊलची खूण म्हणून रेफ्री टाकतात ते फडकं, पडला नाही. सामना वायकिंग्जने 23-10 असा जिंकला. तोवर पाचपैकी चार सामने जिंकलेले पॅकर्स शेवटी 7 विजय, 9 पराभवांवर आले आणि 2008 नंतर पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर, म्हणजे बाद फेरीबाहेर, राहिले. रॉजर्सच्या हाडात 13 स्क्रू बसले. डिसेंबरमध्ये तो कॅरोलायनाविरुद्ध परत उतरला, तो सामना 31-24 ने गेला आणि मग उरलेल्या सीझनसाठी त्याला बसवलं.

आता नियम. पहिला भाग एका पावलाचा. क्वार्टरबॅकने बॉल सोडल्यावर धावत येणाऱ्या बचावपटूला एक पाऊल माफ असतं. त्यापुढे जाऊन धडकला तर फाऊल. पण क्वार्टरबॅक पॉकेटच्या बाहेर पळत पळत बॉल फेकत असेल, तर हे एका पावलाचं संरक्षण त्याला मिळत नाही. इथवर तुमचे बंधू बरोबर आहेत. तुमच्या यजमानांचा ‘बॉल सुटल्यावर पाडलं’ हा मुद्दा इथे टिकत नाही, आणि माझ्या मते तसाही टिकला नसता. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं आहे. बॉल सुटतो तेव्हा बार झेपेत आहे. तिथून त्याला थांबता आलं असतं, असं मला वाटत नाही.

पण बंधूंनी नियम अर्धाच वाचला. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की, पॉकेटबाहेर पळत फेकणाऱ्याचं एका पावलाचं आणि पायांवरच्या धडकेचं संरक्षण जातं, बाकीची संरक्षणं राहतात. बाकीच्यात काय येतं? बॉल फेकणाऱ्याला विनाकारण जमिनीत रेटायचं नाही. त्याला जोराने आपटून अंगाचा सगळा किंवा बराचसा भार घेऊन त्याच्यावर पडायचं नाही, तर हातांनी कवेत घ्यायचं. हे वाक्य 2018 मध्ये आलं असं पुष्कळांना वाटतं, कारण लोक त्याला ‘रॉजर्सचा नियम’ म्हणू लागले. पण ते पुस्तकात आधीपासून होतं. 2018 मध्ये लीगने, म्हणजे एनएफएलने, त्यावर फक्त जोर दिला आणि भार टाळायची जबाबदारी स्पष्टपणे बचावपटूवर टाकली.

म्हणून माझा निकाल असा: धडक नियमात होती, पाडणं नियमात नव्हतं. बारने कवेत घेतलं खरं, पण वळून बाजूला पडण्याऐवजी तो सरळ रॉजर्सच्या अंगावरून खाली गेला. पुस्तक हातात घेऊन बसलो तर मी तिथे फाऊल देऊन वायकिंग्जविरुद्ध 15 यार्ड दिले असते. मात्र 2017 मध्ये असे टॅकल दर रविवारी होत आणि त्यावर फ्लॅग पडत नसत, त्यामुळे त्या दिवशीच्या रेफ्रीने अन्याय केला असं मी म्हणणार नाही. आणि बारने मुद्दाम मोडलं, असं तुमचे यजमान म्हणत असतील तर त्यांनी ते सोडून द्यावं. एका दृश्यावरून माणसाच्या मनातलं कोणाला दिसत नाही, आणि ‘रफिंग द पासर’ला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला नियमाबाहेर पाडण्याच्या या फाऊलला, हेतू लागतही नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण हाड मोडलं की माणसं नियम कसा वाचतात ते मी जवळून पाहिलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात यात्रेचे सामने होते. फक्कीने आखलेल्या रेषा, हॅलोजनच्या दिव्यांवर पाखरं, मैदानाच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेली माणसं. यजमान गावाचा चढाईपटू बोनस घेऊन मागे वळला आणि डाव्या कोपऱ्याने त्याची मांडी धरली. बघता बघता आणखी तिघे वर आले. पकड कमरेला आणि मांडीला होती, केस नाही, कपडे नाहीत, तोंड दाबलेलं नाही. मी गडी बाद दिला. ढीग उठला तेव्हा त्या पोराचा डावा हात लुळा लोंबत होता आणि गळ्याखाली हाडाचं टोक कातडीला आतून टेकलं होतं. सगळं मैदान माझ्या अंगावर आलं. ‘हाड मोडलं तरी फाऊल नाही?’ हा एकच प्रश्न. मी त्यांना पकड कुठे होती ते दाखवत राहिलो. कोणी ऐकत नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं. ऐकलं ते त्या पोराने. दुसऱ्या दिवशी घरी भेटायला गेलो, तेव्हा गळ्यात झोळी बांधून ओट्यावर बसला होता. म्हणाला, ‘सर, पकड बरोबर होती, मी वळायला उशीर केला.’

ते पोर माझ्या डोक्यात असतं म्हणून रॉजर्सच्या बाबतीत मी आधी हाड बाजूला ठेवलं आणि फक्त पाडणं पाहिलं. हाड शाबूत राहिलं असतं तरी माझं मत हेच असतं. तुमच्या घरच्या दोघांनीही एकदा तसं बघावं, शक्यतो जेवणाआधी.

प्रश्न: काका, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो सामना इथे रात्री साडेदहाला सुरू झाला होता, मी दादाबरोबर बघितला होता. लीगने बारला पैशांचा दंडही केला नाही. मग टॅकल कायदेशीरच ठरला ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नाही रे. दंड झाला नाही याचा अर्थ लीगला त्या आठवड्यात तो दंडाला पात्र वाटला नाही, एवढाच. पुढच्याच वर्षी त्याच लीगने अंगाचा भार टाकण्यावर बोट ठेवलं, यावरून काय ते समज.

पण पॅकर्सवाल्यांनी पुढचंही लक्षात ठेवावं. 16 सप्टेंबर 2018, पॅकर्सचं घरचं मैदान लँबो फील्ड, समोर पुन्हा वायकिंग्ज. पॅकर्स 29-21 ने पुढे, शेवटची दोन मिनिटं. आमच्या जाइर अलेक्झांडरने इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच पकडला, सामना संपल्यात जमा. तेवढ्यात आमच्याच क्ले मॅथ्यूजने वायकिंग्जचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला पाडलं म्हणून फ्लॅग. इंटरसेप्शन रद्द, वायकिंग्जने बरोबरी केली, ओव्हरटाइमनंतरही 29-29 च राहिलं. पुढच्या रविवारी वॉशिंग्टनमध्ये तिथला क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथला सॅक केल्यावर, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडल्यावर, मॅथ्यूजवर पुन्हा फ्लॅग, या वेळी अंगाचा भार टाकला म्हणून. तेव्हा आमच्या बाजूची झाडून सगळी माणसं म्हणू लागली की हा नियमच मूर्खपणाचा आहे. अकरा महिन्यांपूर्वी हीच माणसं हाच नियम मागत होती. मला याचा फार राग आला होता आणि अजून येतो. कझिन्सवरचा फ्लॅग मला चुकीचा वाटतो. स्मिथवरचा, त्या वर्षी नियम जसा लावला जात होता ते बघता, बरोबर होता. मॅथ्यूज आवडता खेळाडू असूनही हे म्हणतोय.

प्रश्न: माझा मुलगा इथल्या हायस्कूलमध्ये लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीत, खेळतो. भार टाकायचा नाही तर पाडायचं कसं, असं तो विचारतो. मला भीती दोन्हीकडून वाटते.
— एक आई, इलिनॉय

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. 2018 मध्येच मायामी डॉल्फिन्सचा विल्यम हेझ रेडर्सच्या डेरेक कारला सॅक करताना अंगाचा भार टाळायला गेला, पाय अडकला आणि त्याच्याच गुडघ्याचा लिगामेंट फाटला. म्हणजे वाचवायला गेलेलाच घायाळ झाला.

मुलाला सांगा, पडताना वळायचं हे आयत्या वेळी ठरवून होत नाही, शरीराला आधीपासून सवय लागते. कोच ठेवतात त्या जाड मॅटवर रोज पंधरा-वीस वेळा सराव करू दे. डोकं वर, खांदा समोरच्याच्या छातीच्या बाजूला, दोन्ही हातांनी कंबर आवळायची आणि जमीन येण्याआधी आपली पाठ खाली न्यायची. आमच्याकडे कमरेची पकड शिकवताना वस्ताद हेच सांगायचे, की समोरच्याला घेऊन पडायचं, समोरच्यावर पडायचं नाही. पहिले पंधरा दिवस त्याच्याकडून सॅक सुटतील आणि तो कुरकुर करेल. तेवढे दिवस त्याला आणि कोचला सांभाळून घ्या.