पोस्ट राहू द्या, आधी इन्क्वायरीला जा

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. पगारवाढीचा करार रखडला म्हणून मॅनेजमेंटविरुद्ध फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या. निलंबन झालं. चार्जशीटचं रजिस्टर पत्र मी घेतलं नाही. इन्क्वायरीच्या दोन तारखांनाही गेलो नाही. नोकरी जाईल का?

उत्तर : पत्र घेतलं नाही की प्रकरण लागू होत नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला? पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला, की पत्र पोचलं असंच कायदा धरतो. तुमच्यासारखे निम्मे लोक पोस्टपायी नाही, या शहाणपणापायी घरी बसतात.

तुमच्या मागे चौकशी एकतर्फी चालू आहे. एचआरवाला स्क्रीनशॉट हजर करतोय. तो कुणी काढला, खालचा मजकूर का कापला, हे विचारायला समोर कुणी नाही. उद्या बडतर्फीविरुद्ध गेलात, तर चौकशी रीतसर झाली का, हे आधी पाहिलं जाईल. संधी दिली होती, आला नाहीत, एवढं कंपनीला पुरतं. मग शिक्षा जास्त झाली एवढाच मुद्दा हाती उरतो, आणि त्यावर विसंबू नका. फेसबुकच्या दोन पोस्टवरून झालेली अशीच बडतर्फी कामगार न्यायालयाने अवाजवी ठरवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निकाल फिरवला.

म्हणून पुढच्या तारखेला हजर व्हा. चौकशी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या : एकतर्फी आदेश मागे घ्या, चार्जशीट आणि कागदपत्रांच्या प्रती द्या, साक्षीदाराला उलटतपासासाठी परत बोलवा, सहकारी कामगाराला माझ्या बाजूने बसू द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज फेटाळला तरी तो कागद पुढे कामाला येतो. एचआरच्या केबिनमध्ये बसून माफीनामा मात्र लिहून देऊ नका. तो कबुलीजबाब म्हणून फाइलला लागतो.

आरोप स्टँडिंग ऑर्डर्सच्या, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांच्या, कुठल्या कलमाखाली आहे, ते चार्जशीट हाती आल्यावर बघा. कलमात ‘कारखान्याच्या आवारात’ असे शब्द असतील आणि पोस्ट घरून टाकली असेल, तर असं कलम आवाराबाहेरच्या वागण्याला लागत नाही, हा ग्लॅक्सो कंपनीच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कदाचित उपयोगी पडेल. पण तो १९८३ चा आहे, फेसबुकच्या आधीचा. खात्री देत नाही.

निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता मिळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे विलंब तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. तारखा तुम्हीच चुकवल्यात, तेव्हा वाढीवर कंपनी हरकत घेणारच. निम्माही मिळत नसेल, तर त्याच अर्जात लिहा.